हिरव्या पुस्तिकेची नोंद

लंडनमधील एका अभिलेखागारात मी सूचीकार म्हणून काम करते. नोकरदार मुलींच्या एका बंद पडलेल्या वसतिगृहाचे दप्तर आमच्याकडे दाखल झाले, तेव्हा त्यातली १९४५ ते १९४८ या काळातील शिधापुस्तिकांची नोंदवही मला सर्वांत रूक्ष वाटली होती. बॉम्बवर्षावात हजारो घरे गेलेल्या या शहरात टंकलेखिका, दुकानातल्या विक्रेत्या आणि लष्करी सेवेतून मोकळ्या झालेल्या मुली अशा ठिकाणी एकेका खोलीत तिघी-चौघी राहत. राहायला येताना प्रत्येकीने आपली शिधापुस्तिका वसतिगृहाच्या प्रमुख बाईंच्या हवाली करायची, कारण सगळ्यांचा शिधा एकत्र येऊन एकाच स्वयंपाकघरात शिजत असे. वहीत नाव, पुस्तिकेचा क्रमांक, येण्याची आणि जाण्याची तारीख एवढेच होते.

१९४५ च्या शरद ऋतूतील एका नावासमोर मात्र पेन्सिलीने दुसरा क्रमांक लिहिलेला होता आणि त्यापुढे ‘हिरवी’ असा शेरा होता. सर्वसाधारण प्रौढांची पुस्तिका फिकट बदामी असे. हिरवी मिळे ती गरोदर स्त्रियांना, स्तनदा मातांना आणि पाच वर्षांखालील मुलांना. तिच्यावर रोज एक पिंट दूध सवलतीत मिळे, शिवाय संत्र्याचा रस आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल. वसतिगृह केवळ अविवाहित मुलींसाठी होते.

मी स्वयंपाकघराचा हिशेब काढून पाहिला. त्याच आठवड्यापासून रोजचे एक पिंट दूध वाढले होते, पण ते कोणत्याही मुलीच्या खोलीवर न टाकता ‘कार्यालय’ या सदरात दाखवले होते, आणि दोन्ही ठिकाणचे अक्षर प्रमुख बाईंचेच होते. टबात ५ इंचांहून अधिक पाणी घेणाऱ्या मुलीचीही दखल घेणाऱ्या व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात या प्रकरणाचा एक शब्दही नाही. बाईंनी ते समितीपर्यंत पोहोचूच दिले नाही, असे मला वाटते. त्यांच्या इतर पत्रांतील करडा सूर पाहता मी त्यांच्याकडून ही अपेक्षा केली नसती.

फेब्रुवारीत ती मुलगी गेली. मे १९४६ मध्ये तेच नाव त्याच खोलीच्या यादीत पुन्हा आले, या वेळी केवळ बदामी पुस्तिकेसह. बाळाला स्वतःची हिरवी पुस्तिका मिळाली असती, पण ती येथे आली नाही. बाळ आजीकडे राहिले, दत्तक गेले की जगलेच नाही, हे या कागदांवरून सांगता येत नाही.

सूचीत काय लिहायचे, यावर दुपारभर वाद झाला. युद्धोत्तर समाजजीवनाच्या अभ्यासकांना हे सोन्यासारखे आहे, म्हणून ठळक टीप द्यावी, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे होते. माझा आक्षेप असा की ते मूल आज ऐंशीच्या घरात असेल, कदाचित त्याला स्वतःलाच हे ठाऊक नसेल, आणि नावासह दिलेली टीप शोधयंत्रावर कोणालाही सापडेल. मात्र नोंद पूर्ण झाकून टाकणेही मला पटेना. इंग्लंडमध्ये दत्तक गेलेल्या प्रौढ व्यक्तीला १९७५ च्या कायद्यामुळे आपला मूळ जन्मदाखला मागता येतो, आणि त्यावर जन्म नोंदवणाऱ्या आईचा पत्ता असतो. तो पत्ता या वसतिगृहाचा असू शकतो.

म्हणून सार्वजनिक सूचीत आम्ही वसतिगृहाचा संपूर्ण पत्ता, वहीचा काळ आणि ‘निवासी मुलींच्या वैयक्तिक नोंदी, २०४९ पर्यंत बंद’ एवढेच लिहिले. त्याखाली, जवळच्या नातेवाइकांनी पुराव्यासह अर्ज केल्यास विचार होईल, अशी ओळ जोडली. हिरव्या पुस्तिकेचा आणि दुधाच्या सदराचा उल्लेख अंतर्गत टिपणात गेला, म्हणजे असा अर्ज आला तर त्या वेळी टेबलावर असणाऱ्याला दोन्ही वह्या एकत्र काढता येतील.