करार फाडणार म्हणजे नेमकं कोणतं पान?

अमेरिकेत निवडणूक आली की मुक्त व्यापार करारावरून उमेदवारांचे दोन कप्पे केले जातात, बाजूचे आणि विरोधातले. टीव्हीवरच्या चर्चेला तेवढं पुरतं. पण नाफ्टा, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोचा जुना करार, बावीस प्रकरणांचा होता, टीपीपी, म्हणजे पॅसिफिक काठच्या बारा देशांचा, तीस प्रकरणांचा, आणि नाफ्टाच्या जागी आलेला यूएसएमसीए चौतीस. एक उमेदवार ज्या पानावर हरकत घेतो त्याच्याशी दुसऱ्याला काही देणंघेणंही नसतं, तरी दोघे 'विरोधक' म्हणून एकाच कप्प्यात बसतात. भूमिका वाचायची तर दोनच गोष्टी बघाव्यात. बोट कोणत्या कलमावर आहे, आणि ते कलम बदलायची किल्ली त्या पदाकडे आहे का.

१९९२ साली नाफ्टावर तीन उमेदवार होते आणि भूमिकाही तीन. थोरल्या जॉर्ज बुश यांनी करार घडवला होता. निवडणूक हरल्यावर, १७ डिसेंबर १९९२ ला, सहीही त्यांनीच केली. अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांचा मुद्दा सरळ होता, मेक्सिकोतली मजुरी इतकी स्वस्त की कारखाने तिकडे ओढले जाणार. त्यांना १८.९ टक्के मतं पडली, इलेक्टोरल कॉलेजात मात्र भोपळा. बिल क्लिंटन यांनी ४ ऑक्टोबरला नॉर्थ कॅरोलिनातल्या राली शहरातल्या विद्यापीठात तिसरी वाट काढली. करार मान्य, पण कामगार आणि पर्यावरण यांवर जोडकरार हवेत.

जोडकरारच का? मूळ मसुदा उघडला की मेक्सिको आणि कॅनडाही आपापल्या मागण्यांच्या याद्या काढणार. म्हणून मूळ मजकूर होता तसा ठेवायचा आणि शेजारी दुसरा कागद जोडायचा. राजकारण म्हणून हुशारी, पण कागद वेगळा झाला की त्याची धारही वेगळी होते. १९९३ च्या कामगार जोडकरारात दंडापर्यंत पोचणारे विषय फक्त तीन होते: बालमजुरी, किमान वेतन आणि कामाच्या जागेची सुरक्षितता. युनियन करण्याचा हक्क डावलला गेला, तर मंत्र्यांनी मंत्र्यांशी सल्लामसलत करायची, तिथेच मामला संपला. कामगार संघटना ज्या हक्कासाठी भांडत होत्या तोच सर्वांत बोथट खणात पडला. १७ नोव्हेंबर १९९३ ला प्रतिनिधिगृहात २३४ विरुद्ध २०० ने करार पार झाला, त्यात क्लिंटन यांच्याच पक्षाची १०२ मतं बाजूने आणि १५६ विरोधात.

त्याआधी पाच वर्षं कॅनडात अख्खी निवडणूकच अमेरिकेशी करायच्या मुक्त व्यापार करारावर लढली गेली होती. २१ नोव्हेंबर १९८८. पंतप्रधान ब्रायन मलरोनी बाजूने, विरोधी पक्षांचे नेते जॉन टर्नर आणि एड ब्रॉडबेंट विरोधात. मलरोनींना ४३ टक्के मतं आणि २९५ पैकी १६९ जागा. दोन विरोधी पक्षांच्या मतांची बेरीज निम्म्याहून जास्त, पण ती दोन ठिकाणी फुटलेली. करार १ जानेवारी १९८९ पासून लागू. आपल्याकडच्या तिरंगी लढती बघणाऱ्याला हे गणित नव्याने समजावून सांगायला नको.

आता किल्लीकडे. अमेरिकेत परदेशाशी व्यापाराचा अधिकार राज्यघटनेने काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, दिला आहे, राष्ट्राध्यक्षाला नाही. काँग्रेस तो ठरावीक मुदतीसाठी उसना देते, त्याला बोलीभाषेत फास्ट ट्रॅक म्हणतात. २०१५ च्या कायद्यातलं, ज्याची मुदत २०२१ मध्ये संपली, वेळापत्रक असं होतं: वाटाघाटी सुरू करण्याआधी ९० दिवस काँग्रेसला कळवायचं, सहीच्या ९० दिवस आधी पुन्हा कळवायचं, सहीच्या ६० दिवस आधी मसुदा जाहीर करायचा, सहीनंतर १०५ दिवसांत व्यापार आयोगाने आर्थिक परिणामांचा अहवाल द्यायचा. मग अंमलबजावणीचं विधेयक, त्यावर दुरुस्ती नाही, फक्त हो किंवा नाही. ही दुरुस्तीबंदीच सौद्याचा कणा आहे. काँग्रेस नंतर कलमं उपटणार असेल तर समोरचा देश आपला शेवटचा भाव कशाला सांगेल?

हे वेळापत्रक कसं चावतं ते २०१८ मध्ये दिसलं. डोनाल्ड ट्रम्प यांनी २८ जून २०१६ ला पेनसिल्व्हेनियातल्या मोनेसनमध्ये कलम २२०५ चं नाव घेऊन सांगितलं होतं की नाफ्टावर फेरवाटाघाटी करीन, जमलं नाही तर बाहेर पडायची नोटीस देईन. निवडून आल्यावर १८ मे २०१७ ला काँग्रेसला कळवलं आणि ९० दिवस मोजून १६ ऑगस्टला बोलणी सुरू झाली. मेक्सिकोत १ डिसेंबर २०१८ ला नवा राष्ट्राध्यक्ष बसणार होता, मावळत्याची सही हवी तर ३० नोव्हेंबर ही शेवटची तारीख. तिथून ९० दिवस मागे मोजले की ऑगस्टअखेर येते, आणि ३१ ऑगस्टलाच काँग्रेसकडे पत्र गेलं. कॅनडाशी तेव्हा जमलेलंही नव्हतं. सही ३० नोव्हेंबरला ब्यूनस आयर्समध्ये झाली, अंमल १ जुलै २०२० ला. सभेतल्या घोषणेपासून चार वर्षं. 'पहिल्याच दिवशी' म्हणणाऱ्या उमेदवाराला हे कॅलेंडर दाखवावं.

उसना अधिकार मध्येच अडवताही येतो. एप्रिल २००८ मध्ये धाकट्या बुश यांनी कोलंबियाचा करार काँग्रेसकडे धाडला. सभापती नॅन्सी पेलोसी यांच्या प्रतिनिधिगृहाने २२४ विरुद्ध १९५ ने स्वतःचा नियम बदलला आणि मतदानाच्या मुदतीचं घड्याळच बंद केलं. त्या वर्षीच्या निवडणुकीतले उमेदवार जॉन मॅकेन करारासाठी कोलंबियाला जाऊन आले, तर दुसरे उमेदवार बराक ओबामा यांचा आक्षेप होता तिथे कामगार नेत्यांचे खून पडतात हा. २०११ मध्ये ओबामांनी कोलंबियाकडून कामगार कृती आराखडा घेतला आणि तोच करार पुढे नेला. विरोधी उमेदवार पदावर बसल्यावर सही करतो, याला लोक कोलांटउडी म्हणतात. कधी ती असतेही. इथे मात्र आक्षेप पहिल्यापासून एका कलमापुरता होता आणि त्याची किंमत वसूल झाली. ती पुरेशी होती का, यावर कामगार संघटनांचं मत आजही वेगळं आहे.

सगळ्यात जास्त अर्थ ज्या प्रकरणात दडलेला असतो ते भाषणात जवळपास कधीच येत नाही: रूल्स ऑफ ओरिजिन, म्हणजे माल मुळात कुठला हे ठरवायचे नियम. शुल्कमाफी करारातल्या देशांच्या मालाला मिळते, पण मोटार कुठली म्हणायची? स्टील एका देशाचं, चिप दुसऱ्याची, सीट तिसऱ्याची. नाफ्टात नियम होता की निव्वळ खर्चाच्या ६२.५ टक्के भाग तीन देशांतला हवा. मोजायला सुट्या भागांची एक यादी होती, आणि यादीत नसलेला भाग आपोआप 'आपला' धरला जाई. यादी नव्वदीच्या सुरुवातीची. नंतर गाडीत आलेलं बरंच इलेक्ट्रॉनिक्स तीत नव्हतंच, म्हणजे आशियातून आलेला भागही हिशेबात उत्तर अमेरिकेचा ठरू शके. कागदावरचे ६२.५ प्रत्यक्षात तेवढे भरतच असं नाही.

टीपीपीत हा आकडा गाड्यांसाठी त्याच पद्धतीने ४५ टक्क्यांवर आला. यूएसएमसीएने उलट ७५ केला, जुनी यादी काढून टाकली, ७० टक्के स्टील आणि ॲल्युमिनियम तीन देशांतलंच असण्याची अट घातली. वर आणखी एक: गाडीच्या मूल्याचा ४० टक्के, हलक्या ट्रकचा ४५ टक्के भाग तासाला किमान १६ डॉलर सरासरी मजुरी देणाऱ्या ठिकाणी व्हायला हवा. हे १६ डॉलर महागाईला बांधलेले नाहीत, त्यामुळे दर वर्षी अट आपोआप थोडी सैल होते.

आकडा जितका कडक तितकं चांगलं, असं वाटत असेल तर हिशेब मांडून बघा. समजा गाडीचा निव्वळ खर्च २०,००० डॉलर. ७५ टक्क्यांसाठी १५,००० चा माल तीन देशांतला लागणार. गाडीची आयात किंमत २४,००० धरली आणि अट पाळली नाही, तर अमेरिकेचं साधारण शुल्क २.५ टक्के, म्हणजे ६०० डॉलर. बाहेरून सुटे भाग आणून १,००० वाचत असतील तर कंपनी अट सोडून देते, शुल्क भरते आणि ४०० खिशात टाकते. कडक नियमाने कारखाना परत यायच्या ऐवजी सुटे भागच बाहेर गेले. पिकअप ट्रकचं वेगळं. तिथे १९६४ पासून २५ टक्के शुल्क आहे, ४०,००० च्या ट्रकवर १०,००० डॉलर. तिथे कंपनी मुकाट्याने अट पाळते. म्हणजे नियम तोच, पण त्यामागचं शुल्क किती यावर तो चावणार की नुसता गुरगुरणार हे ठरतं. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने शुल्क लावू देणाऱ्या कलम २३२ खाली मोटारींवर आणखी २५ टक्के लावले आणि करारात बसणाऱ्या गाड्यांना फक्त बिगर-अमेरिकी भागावर ते मोजायची सवलत दिली. तेव्हापासून साध्या गाडीचं गणितही ट्रकसारखं झालं. उमेदवार 'अटी कडक करू' म्हणाला, तर पुढचा प्रश्न हाच: अट मोडली तर भुर्दंड किती?

२०१६ मध्ये टीपीपीला विरोध करणारे उमेदवार तिघे होते आणि तिघांची पानं वेगळी. बर्नी सँडर्स यांचा रोख कमी मजुरीच्या देशांशी होणाऱ्या स्पर्धेवर. हिलरी क्लिंटन यांनी २०१२ मध्ये कराराची तोंडभरून स्तुती केली होती. ७ ऑक्टोबर २०१५ ला विरोध जाहीर केला तेव्हा चलनाच्या दरातली फेरफार आणि औषध कंपन्यांना मिळणारं झुकतं माप ही कारणं दिली. आक्षेप पोकळ नव्हता, चलनाचा विषय मुख्य करारात नव्हताच, शेजारच्या घोषणापत्रात होता, आणि घोषणापत्र मोडलं म्हणून शुल्क लावता येत नाही. ट्रम्प चलनावरच बोलत होते, पण चीनच्या नावाने. नोव्हेंबर २०१५ च्या मिलवॉकीच्या चर्चेत त्यांच्याच पक्षाचे प्रतिस्पर्धी उमेदवार रँड पॉल यांना आठवण करून द्यावी लागली की चीन या करारात नाहीच. २३ जानेवारी २०१७ ला अमेरिका बाहेर पडली आणि मूळ करार जागच्या जागी थांबला. अटच तशी होती. बारा देशांच्या एकूण जीडीपीपैकी ८५ टक्के वाटा असलेल्या किमान सहा देशांची मंजुरी लागणार होती, आणि अमेरिकेशिवाय ८५ भरत नव्हते.

यूएसएमसीएच्या मतदानात तर एकाच पक्षातली फूट उघड झाली. जानेवारी २०२० मध्ये डे मॉइन शहरात झालेल्या डेमोक्रॅटिक उमेदवारांच्या चर्चेत एलिझाबेथ वॉरन म्हणाल्या, थोडी सुधारणा आहे, घेऊ आणि पुढे भांडू. सँडर्स म्हणाले, हवामानाचा उल्लेखही नाही, मी नाही म्हणणार. दोन दिवसांनी सेनेटमध्ये ८९ विरुद्ध १० मतं पडली. त्या दहांत सँडर्स होते आणि कमला हॅरिसही. २०२४ च्या प्रचारात हॅरिस यांनी ते मत पुढे केलं, तर ज्यांनी करार केला ते ट्रम्पच फेरवाटाघाटीची भाषा बोलू लागले. तशी सोय करारातच आहे. मुदत १६ वर्षं, सहाव्या वर्षी संयुक्त आढावा, पहिली तारीख १ जुलै २०२६.

नोंदलेलं मत हाताशी असणं ही अमेरिकेतल्या मतदाराची चैन आहे. भारतात करार सरकार करतं, त्याला संसदेची मंजुरी लागत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत बँकॉकला आरसेपमधून, म्हणजे आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार करारातून, बाहेर पडला. त्याआधी न्यूझीलंडच्या दूध पावडरच्या धास्तीने महाराष्ट्रातले दूध उत्पादकही अस्वस्थ होते, पण कोणता खासदार कुठल्या बाजूला, हे सांगणारी मतांची यादी कुठे मिळणार नाही. भाषणं तेवढी सापडतात.

आता 'करारातून बाहेर पडू' या वाक्याकडे. नाफ्टाच्या कलम २२०५ सारखंच यूएसएमसीएचं कलम ३४.६ आहे, लेखी नोटीस द्यायची आणि सहा महिन्यांनी बाहेर. नोटीस राष्ट्राध्यक्ष एकट्याने देऊ शकतात का, यावर कायदेपंडितांत एकमत नाही, आणि काँग्रेसने केलेला अंमलबजावणीचा कायदा नोटिशीने आपोआप पुसला जात नाही. शुल्काच्या गोंधळात एक गोष्ट सहज विसरली जाते. सोळाव्या प्रकरणात व्यावसायिकांच्या तात्पुरत्या प्रवेशाची तरतूद आहे, टीएन व्हिसा म्हणतात तो. कॅनडाचं नागरिकत्व घेतलेले मराठी इंजिनिअर आणि सिस्टिम्स ॲनालिस्ट याच वाटेने अमेरिकेत नोकरी करतात. कॅनडाच्या नुसत्या पीआरवर तो मिळत नाही, नागरिकत्वच लागतं, आणि एच-वन-बीसारखी लॉटरी नाही. मिसिसागातून डेट्रॉइटच्या नोकरीवर डोळा असेल तर चौतीस प्रकरणांतलं हे एक आधी वाचून ठेवा.