सातशे किलोमीटरवरून सांगली

आज पुतणीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी उपग्रहाची चित्रं शोधता शोधता अख्खी दुपार गेली. लँडसॅट मालिकेतले उपग्रह १९७२ पासून पृथ्वी टिपतायत, हल्लीचे साधारण ७०० किलोमीटरवरून.

जुन्या चित्रात आटपाडी, कवठेमहांकाळकडचा माळ नुसता करडा. नव्या चित्रात तिथंच हिरवे तुकडे. टेंभू, म्हैसाळ योजनांनी कृष्णेचं पाणी उपसून वर चढवलं, त्याची ही खूण. माणसाचा हात लागला की वाटोळंच होतं असं नाही, हे बघून खरंच बरं वाटलं.

मग ऑगस्ट २०१९ उघडलं. सेंटिनेल-१ हा युरोपचा उपग्रह रडारनं ढगांच्या आरपार बघतो, म्हणून ऐन पुरातलंही दिसतं. रडारच्या चित्रात साचलेलं पाणी काळं येतं. कृष्णाकाठ काळाच काळा.

"काका, यात आपलं घर कुठंय?"

बोट ठेवून दाखवलं. घसा दाटला.

नदीनं आपली जागा स्वतः आखून दिलीय. तिथं प्लॉट पाडणं थांबलं पाहिजे, बुजवलेले ओढे मोकळे झाले पाहिजेत. ही चित्रं फुकट मिळतात. आपापल्या गावाचं काढा आणि ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठेवा.