कार्डावरचा लाल गोल

माझ्या माता व बाल संरक्षण कार्डावर उपकेंद्रातल्या सिस्टरने ‘बी निगेटिव्ह’ असे लिहून त्याभोवती लाल शाईने गोल केला होता. त्या गोलाचा अर्थ मात्र आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हता. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी तेव्हा कापसाची वेचणी सुरू होती. मला चौथा महिना होता. एका रात्री रक्तस्राव सुरू झाला आणि गर्भ गेला. तालुक्याच्या ज्या दवाखान्यात पिशवी साफ केली, तिथे ते कार्ड माझ्या उशाशीच होते. तरीही निगेटिव्ह गटाच्या बाईला पुढच्या बाळाच्या रक्षणासाठी द्यायचे अँटी-डीचे इंजेक्शन कोणी दिले नाही, आणि बाळच राहिले नाही तर इंजेक्शन कशाला, असे वाटून आम्हीही विचारले नाही.

माझ्या यजमानांचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह आहे. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असले, की बाळंतपणात, गर्भपातात किंवा पोटाला जोराचा मार बसल्यावर बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळू शकते आणि आईचे शरीर त्या परक्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. पहिल्या बाळाला सहसा याचा त्रास होत नाही, परंतु पुढच्या खेपेस हीच प्रतिपिंडे वारेतून पलीकडे जाऊन बाळाच्या लाल पेशी फोडतात. ती तयार होण्याआधी, बहात्तर तासांच्या आत, अँटी-डी द्यावे लागते. एकदा तयार झाली की त्या इंजेक्शनचा उपयोग राहत नाही. हे औषध १९६८ पासून वापरात आहे, म्हणजे माझ्या जन्माच्याही कितीतरी आधीपासून.

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा कूम्ब्ज चाचणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे माझ्या रक्तात ती प्रतिपिंडे तयार झालेली होती. सासूबाई म्हणाल्या, “तुह्या रक्तातच खोट हाय.” त्यांचा राग मी धरला नाही, कारण त्यांना कोणी समजावून सांगितलेच नव्हते, परंतु नवऱ्याचा रक्तगट पॉझिटिव्ह असल्याशिवाय हा प्रश्न उभाच राहत नाही, तरी दोष एकट्या बाईच्या माथी मारला जातो, हे मला आजही फार लागते. दर काही आठवड्यांनी प्रतिपिंडांचे प्रमाण मोजायला मी एसटीने नागपूरला जात असे. मुलगी जन्मली ती हळदीसारखी पिवळी. निळ्या दिव्याखाली डोळ्यांवर पट्टी बांधून निजलेली असतानाच तिचे रक्त बदलावे लागले. ती वाचली.

धाकटी बहीणही निगेटिव्ह आहे. तिला सातवा महिना लागताच मी तिच्या मेहुण्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, अठ्ठाविसाव्या आठवड्याचे इंजेक्शन आणायला पाठवले. मे महिना होता, ऊन मी म्हणत होते. हे औषध दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते आणि गोठूही द्यायचे नसते, म्हणून कुपी वर्तमानपत्रात गुंडाळून, बर्फाला टेकणार नाही अशा बेताने थर्मासमध्ये ठेवली होती. प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टरने झाकण उघडले तेव्हा कागद जेमतेम ओलसर झाला होता.

बहिणीच्या मुलाच्या नाळेतले रक्त तपासले, ते ए पॉझिटिव्ह निघाले. दुसरे इंजेक्शन तिला त्याच संध्याकाळी मिळाले.