गोळ्यावर रबडी? नको रे बाबा

परवा भाचीला गोळा खायला नेलं आणि गाडीवरचा बोर्ड वाचूनच गरगरलं. मावा मलई, रबडी ड्रायफ्रूट, चॉकलेट, जेली, वर चेरी. हा सगळा राजकोटी थाट, तिकडे डिशमध्ये डोंगर रचून चमच्याने खातात, खुशाल खावा. भाचीनेही तोच मागवला आणि तीन चमच्यांत तोंड वाकडं, कारण बर्फाला लागल्या लागल्या मलई थिजून मेणासारखी होते, टाळूला चिकटते आणि चव काही कळत नाही, जीभ आधीच बधिर झालेली असते ना.

गार जिभेला गोड कमी लागतं. म्हणून तर गोळ्याचं सरबत नुसतं चाखलं तर अंगावर येईल इतकं गोड करतात. मग त्यावर परत गोडच कशाला? तिथे आंबट-खारटच पाहिजे. काला खट्टा, वर लिंबू पिळलेलं, काळं मीठ, जिऱ्याची पूड, हिंमत असेल तर चिमूटभर तिखट. बास.

आमच्या शाळेबाहेरच्या काकांकडे तर रंधा होता, सुताराचा असतो तसाच, फक्त पातं वर करून ठेवलेला. गोणपाटातली लादी काढायची, भुसा धुवायचा, फडक्यात धरून खर्र खर्र घासायची आणि खाली पडलेला चुरा काडीभोवती दाबायचा. खरी मेख त्या दाबण्यात. सैल राहिला तर पहिल्याच चुसकीला काडी हातात आणि गोळा बुटावर, फार घट्ट झाला तर रंग आत मुरतच नाही, सगळा ओघळून कोपरापर्यंत. चोखून पांढरा पडला की "काका, थोडा रंग टाका ना", दोनदा फुकट, तिसऱ्यांदा डोळे वटारायचे. (घरी गेल्यावर तोंड मिटून बसायचं, काला खट्ट्याची जीभ लपत नाही.)

बर्फाची धास्ती मलाही वाटते हां. २०१८ पासून आपल्याकडे खाण्याचा नसलेला बर्फ निळा रंगवायचा नियम आहे, त्यामुळे मी गाडीवर आधी लादी बघतो, मग बाटल्या. निळसर झाक दिसली की काढता पाय.

तर मी माझ्यासाठी काडीवाला काला खट्टा घेतला. "मामा, एकच चुसकी दे", भाची म्हणाली. तो गोळा काही परत आला नाही, मी आपला वितळलेल्या रबडीतले काजू वेचत बसलो.