टँडेम घ्यायचीय? आधी पार्किंगचा फॉर्म भरा

रविवारी पहाटे दोघांनी एकाच सायकलवर दादरहून वरळी सी-फेसला जायचं, एवढीच हौस. टँडेम, म्हणजे दोघांनी पुढे-मागे बसून चालवायची सायकल, पसंत पडायला वेळ लागला नाही. घोडं अडलं ते सोसायटीत.

ही सायकल साधारण आठ फूट लांब. आमच्या लिफ्टमध्ये मावणं शक्यच नाही. जिन्याखाली ठेवायची तर आगीच्या वेळी तीच बाहेर पडायची वाट. हे सेक्रेटरींचं म्हणणं मलाही पटलं. म्हणून पार्किंगमधली कोपऱ्यातली जागा मागितली. फॉर्मवर रकाना: 'वाहन क्रमांक'. सायकलला कुठला आलाय आरटीओचा नंबर? मी रेघ मारली. फॉर्म परत. 'लागू नाही' लिहिलं. परत. "वहिनी, ऑडिटला लागतं हो!" त्यात एका सभासदांना शंका आली की सीट दोन, तर भाडं दुप्पट का नको? "तुमच्या मोटारीचं पाच सीटांचं भरता का?" असं मी विचारणारच होते, नवऱ्याने हात दाबला. कमिटीची मीटिंग कोरमअभावी पुढे ढकलली. इकडे दुकानदार ॲडव्हान्सशिवाय सायकल राखून ठेवेना, आणि जागा नक्की नसताना ॲडव्हान्स कोण देणार? शेवटी मीच दुकानदाराला फोन केला. त्याने सायकल उलटी केली, पुढच्या पॅडलच्या दांड्याखालचं ग्रीस फडक्याने पुसलं आणि तिथे ठोकलेल्या फ्रेम नंबरचा फोटो पाठवला. तो रकान्यात भरला आणि शिक्का पडला. एवढंच हवं होतं तर आधी सांगायचं ना!

दुकानात जोडीनेच चालवून बघा. पुढच्याने पाय फाकून, ब्रेक दाबून सायकल धरायची, मग मागच्याने बसायचं. पॅडल साखळीने जोडलेले असतात, एकाने थांबवले की दुसऱ्याचेही थांबतात. मागचं हँडल वळत नाही. ते पुढच्याच्या सीटच्या दांड्यावर घट्ट बसवलेलं असतं. मागे बसणारा उंच असेल तर गुडघे तिथे आपटतात का, ते पाहा. आमच्याकडे पुढे मी बसते. शेजाऱ्यांना त्याचंही नवल.

डिस्क ब्रेकच घ्या, दोघांचं वजन आणि मुंबईचा पाऊस आहे. सी-लिंकवर सायकलला बंदी आहे, तो बेत आखू नका.

आणि शिक्क्याच्या फॉर्मची झेरॉक्स काढून ठेवा. दरवर्षी नवा भरायचाय म्हणे.