शिनूकचे ८४ ग्रॅम

घरी बिअर करण्याचा नाद लागल्यानंतर चौथ्या खेपेला जी बिअर केली, ती तीन आठवडे आंबवून, बाटल्यांत भरून आणि आणखी दोन आठवडे दम धरून शेवटी उघडली, तेव्हा कोल्हापूरहून आमच्याकडे सिअ‍ॅटलला आलेल्या सासऱ्यांनी दोन घोट घेतले, पेला हलकेच खाली ठेवला आणि अतिशय सौम्य स्वरात विचारले, "जावईबापू, काढा उत्तम झालाय. बिअर कधी करणार?" कारल्याची भाजी गूळ न घालता आवडीने खाणाऱ्या माणसाचा हा अभिप्राय असल्यामुळे त्यावर अपील नव्हते. बाकीच्या बाटल्या मी वर्षभर ठेवून पाहिल्या आणि मग मोरीत ओतल्या.

कृती पेल एल या फिकट रंगाच्या बिअरची होती आणि ती १९ लिटरसाठी होती. तिच्यात कॅस्केड जातीचे हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुले) तीन वेळा घालायला सांगितले होते: २८ ग्रॅम तासभर उकळण्यासाठी अगदी सुरुवातीला, २८ ग्रॅम शेवटची १५ मिनिटे उरली असताना आणि २८ ग्रॅम शेवटच्या ५ मिनिटांसाठी. त्या दिवशी दुकानात कॅस्केड संपले होते. घरात आंबेमोहोर नाही म्हणून कोलम शिजवावा इतक्या सहजपणे मी शेजारच्या कप्प्यातील शिनूकची तीन पाकिटे उचलली. दोन्ही जाती अमेरिकन, दोन्हींच्या दाबून केलेल्या हिरव्या गोळ्या सारख्याच दिसणाऱ्या, पाकिटाचे वजनही तेच. पाकिटाच्या कोपऱ्यात बारीक टाइपात छापलेला आकडा मात्र मी वाचला नाही. कृतीतील कॅस्केडची अल्फा आम्ले ५.५ टक्के धरलेली होती आणि माझ्या हातातील शिनूकवर १२.५ टक्के असे छापले होते.

हा आकडा कशाचा, ते समजण्यासाठी हॉपचे फूल एकदा हातात घेऊन उकलायला हवे. हॉप्स म्हणजे गांजाच्या कुळातील एका वेलीच्या मादी रोपावर येणारी, छोट्या शंकूसारखी हिरवी फुले. त्यांची पाकळी मागे वाकवली की तिच्या बुडाशी हळदीसारखी पिवळी, बोटाला चिकटणारी भुकटी दिसते, तिला ल्युप्युलिन म्हणतात, आणि बिअर करणाऱ्याला हवे ते बहुतेक सगळे या भुकटीतच असते. तिच्यात एकीकडे राळेसारखी आम्ले असतात आणि दुसरीकडे सुगंधी तेले. अल्फा आम्ले पाण्यात नीट विरघळत नाहीत आणि मूळ रूपात ती विशेष कडूही नसतात. माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोड रस, ज्याला वर्ट म्हणतात, त्यात ती उकळत राहिली की रेणूची रचना बदलते आणि आयसो-अल्फा आम्ले तयार होतात. ही विरघळतात आणि हीच जिभेला कडू लागतात. जितका वेळ उकळी, तितका हा बदल जास्त. तेलांचे नेमके उलटे आहे, कारण ती त्याच उकळीत वाफेबरोबर उडून जातात. म्हणजे एकाच फुलातील कडूपणा मिळवायचा तर त्याचा वास गमवावा लागतो आणि वास राखायचा तर कडूपणावर पाणी सोडावे लागते, म्हणून तर कृतीत तेच हॉप्स तीन वेगवेगळ्या वेळी घालतात.

आपल्याकडे मेथी वापरणाऱ्याला हे नवे वाटू नये. मेथीदाणा फोडणीत पडतो तो कडूपणासाठी, आणि त्याच झाडाच्या पानांची कसुरी मेथी आच बंद करताना तळहातावर चुरून वरून घातली जाते. फोडणीत कसुरी मेथी आणि शेवटी कच्चा मेथीदाणा असा उलटा प्रयोग कोणी करत नाही.

तर हिशेब असा. लिटरमागे १ मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ल म्हणजे ढोबळमानाने १ आयबीयू, हे कडूपणाचे माप. ग्लेन टिनसेथ यांचे सूत्र घरगुती बिअरवाल्यांत सर्रास वापरले जाते. त्यानुसार १.०५० घनतेच्या वर्टमध्ये तासभराच्या उकळीत सुमारे २३ टक्के अल्फा आम्ल कामी येते, १५ मिनिटांत साडेअकरा टक्के आणि ५ मिनिटांत जेमतेम साडेचार टक्के. कॅस्केडचे तिन्ही वाटे या हिशेबात घातले की बेरीज ३२ आयबीयूच्या आसपास येते, जी पेल एलला अगदी शोभते. त्याच ८४ ग्रॅमच्या जागी १२.५ टक्क्यांचे शिनूक धरले की बेरीज ७२ होते. पहिल्या वाट्यासाठी २८ नव्हे, १२ ग्रॅम शिनूक पुरले असते. किराणा मालात वजनाला वजन बदलून चालते, हॉप्समध्ये चालत नाही, आणि एकाच जातीतही दरवर्षीच्या पिकाचा आकडा वेगळा येतो, त्यामुळे हातातील पाकिटावर जे छापले आहे तेच खरे.

येथवरचे सगळे गणिताचे झाले, आणि मला पुष्कळ दिवस वाटत होते की विषय येथे संपतो. आकडा साधला की झाले, जातीचे नाव ही नुसती सजावट. ते खोटे ठरले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी एकच पेल एल तीनदा केली. माल्ट तोच, यीस्ट तेच, पाणी तेच. कडूपणासाठी तिन्हीत मॅग्नम ही जर्मन जात तासभर उकळली, कारण तिच्यात १२ ते १४ टक्के अल्फा आम्ले असतात, कडूपणा स्वच्छ असतो आणि स्वतःचा वास ती फारसा पुढे करत नाही. मग आच बंद करून वर्ट ८० अंशांपर्यंत निवू दिला, कारण त्या तापमानाला अल्फा आम्लांचा बदल फार मंदावतो आणि तेलेही कमी उडतात, आणि एकात साझ, दुसऱ्यात कॅस्केड व तिसऱ्यात सिट्रा असे प्रत्येकी ४० ग्रॅम घालून वीस मिनिटे तसेच ठेवले. मॅग्नमचे वजन थोडे कमीजास्त करून तिन्हींचा हिशेब ३५ आयबीयूजवळ आणला होता.

साझ ही चेक प्रजासत्ताकातील झाटेत्स परिसरातील जुनी जात. तिथल्या हॉपच्या मळ्यांना आणि गोदामांना २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. तिच्यात अल्फा आम्ले जेमतेम ३ ते साडेचार टक्के, पण फार्नेसीन हे तेल इतर जातींच्या मानाने पुष्कळ. तिचा वास सांगायचा तर सुकत घातलेले गवत, त्यात किंचित मिरीचा झणका, आणि नाकाशी नेईपर्यंत विरून जाणारी फुले. कॅस्केड १९७२ मध्ये ओरेगनमध्ये अधिकृतपणे लागवडीस आली. तिच्या वंशात इंग्लंडची फगल आणि रशियाची सेरेब्रियांका आहे, पण वास दोघींच्याही वाटेने गेलेला नाही. इंग्रजीत त्याला ग्रेपफ्रूट म्हणतात. मला तो पपनसाच्या सालीचा वाटतो, म्हणजे साल सोलताना बोटांवर जो फवारा उडतो आणि दिवसभर धुऊनही जात नाही, तो. सिट्रा अलीकडची, ११ टक्क्यांच्या पुढची. तिच्या वर्णनात आंबा हमखास असतो. हापूसवर वाढलेल्या माणसाने त्यावर विश्वास ठेवून निराश होऊ नये. तो आंबा म्हणजे देठाकडचा चीक लागलेली कैरी, बरोबर पिकलेला पेरू आणि लिंबाची साल.

पेल्यांवर फक्त अ, ब, क लिहून चार मित्रांपुढे ठेवले, सोबत चिवडा. सर्वांत कडू कोणती, असे विचारल्यावर तिघांनी कॅस्केडचा पेला दाखवला आणि चौघांनीही सिट्राच्या पेल्याला गोडसर म्हटले, एकाने तर साखर जास्त राहिली का असे विचारले. साखर तिन्हीत सारखीच उरली होती, मी घनता मोजली होती. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे, पण त्या संध्याकाळी मला कळले ते असे की जीभ एकटी कडूपणा मोजत नाही. नाकाला पिकल्या फळाचा वास आला की जीभ गोड धरून चालते, आणि पपनसाच्या सालीचा वास आला की त्या सालीचा कडूपणाही ती आपण होऊन त्यात मिळवते. उकळीच्या शेवटी पडणारा हॉप, हिशेबात ज्याचा वाटा नगण्य, तोच पिणाऱ्याच्या लेखी कडूपणा कमी-जास्त करतो.

कडूपणाचा पोतही जातीजातीत वेगळा असतो, असे मी ठामपणे म्हणेन, मात्र त्याचे कारण सांगताना हात आखडता घेईन. जुन्या पुस्तकी समजुतीप्रमाणे अल्फा आम्लांतील कोह्युम्युलोनचा वाटा जास्त असला की कडूपणा खरखरीत, घशाला ओरखडे काढणारा लागतो. तिच्यावर जाणकारांचे एकमत नाही. पाण्याचा परिणाम मात्र निर्विवाद आहे. सिअ‍ॅटलचे सीडर नदीचे पाणी फार मऊ, आणि त्यात थोडे जिप्सम घातले की सल्फेटमुळे तोच कडूपणा धारदार आणि कोरडा होतो. इंग्लंडमधील बर्टन गावच्या विहिरींना हे जिप्सम निसर्गानेच दिलेले आहे, आणि तिथली कडवट पेल एल एकोणिसाव्या शतकात जहाजांत भरून मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या साहेबांपर्यंत येत असे. हॉप्सची आम्ले बिअर आंबट करणाऱ्या लॅक्टोबॅसिलससारख्या जिवाणूंना वाढू देत नाहीत, म्हणून लांबच्या प्रवासाच्या बिअरमध्ये हॉप्स सढळ हाताने घालत. त्या अर्थाने सासऱ्यांचा ‘काढा’ हा शब्द अगदीच अस्थानी नव्हता.

कोरडे हॉप्स, म्हणजे आंबवण शांत झाल्यावर थंड बिअरमध्ये न उकळता घातलेले, केवळ वासासाठी असतात आणि कडूपणा वाढवत नाहीत, असे मलाही शिकवले गेले होते, पण ते पुरते खरे नाही. साठवणीत अल्फा आम्लांचा हवेशी संयोग होऊन ह्युम्युलिनोने तयार होतात. ती न उकळताही विरघळतात आणि आयसो-अल्फा आम्लांपेक्षा कमी, पण कडूच लागतात. शिवाय हॉप्समधील विकरे उरलेल्या जटिल शर्करांचे तुकडे करून यीस्टला पुन्हा खाऊ घालतात. मी एकदा सिट्रा घातल्यावर दोनच दिवसांत बाटल्या भरल्या, आणि पुढच्या महिन्यात प्रत्येक बाटली उघडताना बेसिनवर धरावी लागली. समिट नावाच्या जातीच्या काही पिकांना कांदा-लसणाचा वास येतो, तो कोल्हापुरी मसाल्यात शोभतो, बिअरमध्ये नाही. आणि जुन्या झालेल्या कोणत्याही हॉप्सना चीजचा. माझी पाकिटे हवा काढून फ्रीझरमध्ये खवलेल्या नारळाच्या डब्याशेजारी असतात, आणि त्या डब्याबाबत घरातून तक्रार आलेली आहे.

(कायद्याचे एक वाक्य: अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने स्वतःपुरती बिअर घरी करायला केंद्रीय स्तरावर मुभा मिळाली. महाराष्ट्रात ती परवान्याशिवाय नाही, तेव्हा तिथल्या वाचकांनी हे वाचनापुरते ठेवावे.)

सासू-सासरे दोन वर्षांनी, या सप्टेंबरात पुन्हा आले, तेव्हा त्यांना घेऊन कॅस्केड पर्वतरांग ओलांडून याकिमाच्या खोऱ्यात गेलो. अमेरिकेतील बहुतांश हॉप्स येथे होतात. या वेलीला उन्हाळ्यात लांब दिवस लागतात, आणि येथे जूनमधला दिवस १६ तासांच्या घरात जातो. महाराष्ट्रात तो साडेतेरा तासांपलीकडे फारसा जात नाही. दोन माणसांपेक्षा उंच मांडव, त्यांवरून सोडलेल्या दोऱ्या आणि दोऱ्यांना पीळ घालत चढलेल्या वेली. सासूबाईंचे माहेर देवगडचे. त्यांनी फुलांकडे पाहिलेही नाही, दोरी बोटांत धरून चोळली आणि म्हणाल्या, "अहो, हा तर आपला सुंभ!" खरोखरच काथ्या होता. तो श्रीलंकेतून येतो, आणि दरवर्षी वेल कापताना दोरीही कापली जाते, असे मळेवाल्याने सांगितले.

तिथून पोतेभर ओली, त्याच सकाळी खुडलेली सेंटेनियल जातीची फुले आणली. ओल्या फुलात पाणीच तीन-चतुर्थांशाहून अधिक असल्यामुळे वाळलेल्याच्या पाचपट वजन घ्यावे लागते, आणि ती दिवसभरात वापरली नाहीत तर पोत्यात तापून काळी पडतात. त्यांवर अल्फाचा आकडा छापलेला नसतो. म्हणून कडूपणाचा सगळा भार मॅग्नमवर टाकायचा आणि ओली फुले आच बंद झाल्यावर घालायची, असे ठरवले. घरी पोचून पातेले चढवले तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते आणि गाडीत अजून चिरलेल्या गवताचा आणि लिंबाचा वास कोंडलेला होता. मी मॅग्नमचे पाकीट कापायला कात्री घेतली, तर सासऱ्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतले, चष्मा लावला आणि दिव्याखाली धरून मोठ्याने वाचले, "तेरा पूर्णांक चार टक्के. आधी लिहून घ्या."