पान चौदावरचा लाल ठिपका

'टाकी म्हणजे काय, पत्र्याचा डबा,' असं आमच्या पर्चेसवाल्यांचं ठाम मत आहे. भोसरीतल्या व्हेंडर कंपनीत मी गेली अकरा वर्षं ट्रकच्या डिझेल टाक्यांची डिझाइनं, म्हणजे हेच डबे, काढतोय. ३०० लिटर डिझेल म्हणजे जवळपास अडीचशे किलो. ब्रेक लागला की हे सगळं वजन पुढच्या झाकणावर धाव घेतं. ते अडवायला आत बॅफल असतात, भोकं पाडलेले आडवे पडदे. त्यांच्या दुमडलेल्या कडा शेलला, म्हणजे टाकीच्या बाहेरच्या पत्र्याला, ठिपक्याठिपक्यांनी स्पॉट वेल्ड केलेल्या असतात आणि हे स्पॉटच टाकीचं दुखणं. अ‍ॅल्युमिनियमचा लेप दिलेला पत्रा असतो, वेल्डजवळ लेप जळतो, गंज तिथूनच धरतो.

२०२० च्या एप्रिलमध्ये बीएस ६ हा धुराचा नवा नियम आला. सायलेन्सरचा खोका फुगला, शेजारी धूर स्वच्छ करायच्या युरियाची टाकी आली, आणि डिझेलच्या टाकीला चेसिसवर उरेल ती जागा मिळाली. आमची टाकी बुटकी आणि लांब झाली. टिपरवाल्यांच्या तक्रारी त्यानंतरच्या. बॅफलच्या रेषेत, तळाला ओल.

मी उपाय काढला: तळाला बाहेरून तीन मिलिमीटरची पन्हाळी पट्टी, चारी बाजूंनी वेल्ड. डिझाइनची ही नवी आवृत्ती, रिव्हिजन सी. पाण्यात बुडवून ०.३ बार हवा भरली, एक बुडबुडा नाही. टाकी हादरवून बघायच्या शेकर टेबलवरही पास. साहेबांनी पाठ थोपटली.

पाच महिन्यांत तक्रारवाल्यांपैकी एकाच मालकाच्या चार गाड्या परत गळायला लागल्या. मीटिंगमध्ये एकमताने ठरलं की ड्रायव्हर खराब आहे. आमच्याकडे ड्रायव्हर कायम खराब असतो, कारण तो मीटिंगला नसतो. तरी कस्टमरला दाखवायला कुणीतरी जायला हवं होतं, म्हणून मला वणीजवळच्या एका खडी क्रशरवर पाठवलं.

पोचलो तेव्हा तिथल्या वेल्डिंगच्या मिस्त्रींनी एक टाकी उतरवून उलटी ठेवली होती. चीर वर आणलेली, आत पाणी चिरेच्या जेमतेम खाली. डिझेलच्या वाफेला जागाच ठेवायची नाही, ही त्यांची सेफ्टी. मी डाय पेनिट्रंटचा, म्हणजे चीर दाखवणाऱ्या रंगाचा, कॅन बाहेर काढेपर्यंत त्यांनी रॉकेलचं बोट फिरवून, वर खडूची पूड उडवून चीर दाखवलीसुद्धा. पट्टीच्या टोकाशी, वेल्डला अगदी चिकटून, नखाएवढी चंद्रकोर. मधला भाग, जो मी मजबूत केला होता, ठणठणीत.

"पट्टे जास्त आवळलेत का?" मी विचारलं. टाकी चेसिसला धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांखालचं रबर दगड झालं होतं, ते खरंच होतं. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी पत्र्याचं ठिगळ पुढे केलं, पिंपळाच्या पानासारखं, दोन्हीकडे निमुळतं.

"कोपरा ठेवला का तिथूनच चिरते, साहेब. तुमच्या पट्टीले तर चार कोपरे हायेत."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

दुपारी ड्रायव्हरशी चहा घेतला. तेव्हा कळलं की मालक रोज कूपनवर ऐंशी-शंभर लिटरच डिझेल देतो, चोरी नको म्हणून. म्हणजे ३०० लिटरची टाकी आयुष्यभर तिसरा हिस्साच भरलेली. काठोकाठ भरलेली टाकी हिंदकळत नाही, अर्धवट भरलेली बॅफलला दिवसभर धक्के मारते. आमची शेकर चाचणी पूर्ण भरलेल्या टाकीवर झाली होती. पूर्ण भरलेली म्हणजे सर्वात जड, म्हणून सर्वात वाईट, असं आम्हीच ठरवलं होतं.

परतीच्या रेल्वेत लॅपटॉपवर रिव्हिजन सीचा जुना रिपोर्ट उघडला. पान चौदावर कॉम्प्युटरने काढलेलं ताणाचं रंगीत चित्र आहे, लाल म्हणजे सर्वात जास्त ताण. मध्ये छान निळं-हिरवं, आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना लाल ठिपका. खाली टीप: 'मेशमुळे आलेला स्थानिक आकडा, दुर्लक्ष करावे.' टीप माझी. मेश म्हणजे हिशोबासाठी सॉफ्टवेअरमध्ये टाकीवर पाडलेली चौकटींची जाळी. धारदार कोपऱ्यात सॉफ्टवेअर खोटा आकडा फुगवतं हे खरं आहे, सगळे हेच लिहितात. पण तिथे कोपरा होताच की, तोही वेल्डचा! मेश बारीक करून पुन्हा चालवायला एक रात्र लागली असती. टूलिंगची, म्हणजे साचे बनवायला टाकायची, तारीख दोन दिवसांवर होती.

रिव्हिजन डीमध्ये पट्टीची टोकं जिभेसारखी निमुळती केली, शेवटचे वीस मिलिमीटर वेल्ड सोडला, आणि शेकरवर टाकी एक-तृतीयांश भरून चालवली. जुनी सी त्या पातळीला ठेवली तर तिथेच फुटली, त्याच जागी.

कस्टमरला गेलेल्या रिपोर्टमध्ये कारण लिहिलंय: 'खराब रस्ते व पट्टे अति आवळणे.' दोन्ही खोटं नाही. सही माझी आहे. सीच्या किती टाक्या रस्त्यावर आहेत हे डिस्पॅचच्या रजिस्टरमध्ये सापडेल. मी अजून मागितलेलं नाही. चाकणच्या चौकात सिग्नलला टिपर पुढे उभा राहिला की मात्र बाईकवरून वाकून तळ बघतो. परवा एकाचा ड्रायव्हर ओरडला, "काय पडलंय का, भाऊ?"